दूध तुटलेल्या पिलांचा आहार

लोखंडास गंज चढतो, तेल खवट होते. ही प्राणवायूचीच करणी होय. प्राण्यांच्या देहातही अशी क्रिया अखंड चालते. तिला आवर घालणाऱ्या द्रव्यांस प्रतिऑक्सिडीकारके म्हणतात. १९२२ साली अमेरिकेत इव्हान्स व बिशप यांनी शोधलेले ‘ई’ जीवनसत्त्व हे त्यांपैकी प्रमुख होय.

युरोपातील मोठ्या वराहपालन केंद्रांत डुकराच्या पिलांचे दूध साधारणतः तीन-चार आठवड्यांतच तोडले जाते. आई दुरावते, अन्न बदलते. या ताणाने आतड्यांतील सूक्ष्म अंकुर आखूड होतात, रक्तातील ‘ई’ जीवनसत्त्व घटते आणि पिलांना हगवण लागते. वाढ जोमाने व्हावी म्हणून पूर्वी त्यांच्या खाद्यात प्रतिजैविके मिसळीत. परंतु औषधास न जुमानणारे जंतू पशूंतून माणसांतही पसरू शकतात. म्हणून युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून ती प्रथा बंद केली.

त्यामुळे संशोधकांचे लक्ष वनस्पतींकडे अधिक वळले. द्राक्षाच्या बिया, हिरवा चहा, हळद यांत पॉलिफेनॉल वर्गातील प्रतिऑक्सिडीकारके असतात. त्यांपैकी पुष्कळशी रक्तात फारच अल्प शिरतात; म्हणून त्यांचे कार्य बव्हंशी आतड्यांतच घडते. शिवाय काहींतील टॅनिन अधिक झाल्यास प्रथिनांचे पचन मंदावते. म्हणजे मात्रा बेतानेच हवी.

सारांश, ही द्रव्ये साहाय्यक आहेत. ती ‘ई’ जीवनसत्त्वाची जागा घेऊ शकत नाहीत. स्वच्छ, उबदार जागा व सुपाच्य अन्न यांची जोड मिळाली, तरच औषधांची गरज कमी होईल आणि ती औषधे आपल्या आजारपणातही गुणकारी राहतील.