शेतजमीन राखावयाची तर तिचे मोल कोणी द्यावयाचे?

शहर वाढू लागले की भोवतालच्या गावांतील जमिनीला दोन किमती येतात. एक पिकाच्या उत्पन्नावरून ठरणारी व दुसरी घरबांधणीच्या आशेने ठरणारी. दुसरी किंमत पहिलीच्या अनेक पटींनी मोठी असते. अशा वेळी शासनाने नकाशावर हिरवा रंग भरून ‘येथे शेतीच राहील’ असे जाहीर केले, तर जमीन वाचते; परंतु दुसऱ्या किमतीवर पाणी सोडावे लागते ते एकट्या शेतकऱ्याला. ज्याच्या जमिनीवर रंग पडला नाही, तो शेजारी मात्र श्रीमंत होतो. जमीन वापराच्या नियोजनातील खरे दुखणे हे आहे. अमेरिकेतील एका कौन्टीने ह्या दुखण्यावर जो उपाय योजला, त्याची माहिती ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांना व शेतकरी बंधूंना उपयुक्त वाटेल.

मेरीलँड राज्यातील मॉन्टगोमेरी कौन्टी वॉशिंग्टन ह्या राजधानीला अगदी लागून आहे. कौन्टी म्हणजे राज्याखालील प्रशासकीय विभाग. जमिनीचा वापर ठरविण्याचा अधिकार तेथे बव्हंशी कौन्टीकडे असतो. तिचे क्षेत्र सुमारे ५०० चौरस मैल, म्हणजे आपल्याकडील एखाद्या मोठ्या तालुक्याएवढे. दुसऱ्या महायुद्धानंतर राजधानीतील कचेऱ्या वाढल्या, नोकरदार वर्ग कौन्टीत राहावयास आला आणि जुन्या दुग्धशाळांच्या व धान्यशेतीच्या जागी वसाहती उठू लागल्या. १९६४ च्या आराखड्यात असे ठरले की, मुख्य रस्त्यांच्या कडेने दाट वस्ती व्हावी व त्यांच्यामध्ये पाचरीप्रमाणे शेतीचे व मोकळ्या जमिनीचे पट्टे राहावेत. हेतू उत्तम होता. परंतु पट्टे राखण्याचे साधन हाती नव्हते.

पाच एकरांचा नियम

१९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ग्रामीण भागासाठी पाच एकरांस एकच घर, असा नियम करण्यात आला. घरे विरळ झाली म्हणजे शेती टिकेल, ही अपेक्षा होती. प्रत्यक्षात उलट घडले. शहरातील सधन माणूस पाच एकर घेऊन बंगला बांधी. उरलेल्या जागेत हिरवळ लावी किंवा एखादे घोडे पाळी. त्यामुळे एका कुटुंबाच्या निवाऱ्यासाठी पाच एकर जमीन पिकाखालून जाऊ लागली. दाट वस्तीत तेवढ्याच जमिनीवर वीस-पंचवीस कुटुंबे सहज राहिली असती. अर्धवट कडक नियम हा नियम नसण्याहून अधिक जमीन खातो, हे ह्या अनुभवावरून ध्यानात येईल. आपल्याकडे शहरालगत ‘फार्म हाऊस’च्या नावाने जे तुकडे विकले जातात, त्यांची गोष्ट फारशी निराळी नाही.

ह्यात आणखी एक हानी असते, ती चटकन दिसत नाही. शेती एकट्याने चालत नाही. ट्रॅक्टर दुरुस्त करणारा, बी-बियाणे व खते विकणारा, धान्य घेणारा व्यापारी, जनावरांचा डॉक्टर ह्या साऱ्यांना पुरेसे गिऱ्हाईक लागते. मधली शेते तुटत गेली की ही माणसे दुकान आवरतात, आणि राहिलेल्या शेतकऱ्याला एका पात्यासाठी वीस मैल जावे लागते. शिवाय नवे शेजारी शेणखताच्या वासाबद्दल, फवारणीबद्दल, रस्त्यावरून सावकाश जाणाऱ्या यंत्रांबद्दल तक्रारी करू लागतात. म्हणून शेतजमीन राखावयाची तर ती सलग राखावी लागते.

विकासहक्काची विक्री

१९८० साली कौन्टीने सुमारे ९३,००० एकर, म्हणजे एकूण जमिनीच्या जवळजवळ एक तृतीयांश भाग, ‘कृषि राखीव क्षेत्र’ म्हणून ठरविला. रॉईस हॅन्सन हे त्या वेळी नियोजन मंडळाचे अध्यक्ष होते. ह्या क्षेत्रात पाच एकरांऐवजी पंचवीस एकरांस एक घर अशी मर्यादा आली. अनेक जमीनमालकांनी विरोध केला व तो स्वाभाविक होता. जमिनीची किंमत हेच शेतकऱ्याचे कर्जासाठी तारण आणि म्हातारपणाची पुंजी असते.

त्यावर तोड अशी काढण्यात आली. घर बांधण्याची मर्यादा पंचवीस एकरांची झाली, तरी दर पाच एकरांमागे एक विकासहक्क शेतकऱ्याच्या नावे राहिला. हा हक्क त्याच्या शेतात वापरता येत नाही, पण विकता येतो. कौन्टीने शहराकडील काही भाग ‘घेणारे क्षेत्र’ म्हणून नेमून दिले. तेथील बांधकाम करणाऱ्याने शेतकऱ्याकडून हक्क विकत घेतला, तर त्याला नेहमीच्या मर्यादेपेक्षा जास्त घरे बांधता येतात.

उदाहरणार्थ, शंभर एकरांचा एक शेतकरी घेऊ. जुन्या नियमाने त्याच्या जमिनीवर वीस घरे होऊ शकली असती. नव्या नियमाने चारच. परंतु त्याच्याजवळ वीस हक्क आहेत. चार घरांसाठी चार राखून ठेवले तरी सोळा हक्क तो विकू शकतो. जमीन त्याचीच राहते. तो ती कसतो, विकतो, मुलांना देतो. विकलेल्या हक्कांचा बोजा मात्र जमिनीच्या दप्तरात कायमचा नोंदला जातो. सातबाऱ्यावरील ‘इतर हक्क’ ह्या रकान्यातील नोंदीसारखाच हा प्रकार समजावा. पुढील खरेदीदारासही तो बंधनकारक असतो. हक्काचा भाव घेणारा व देणारा ठरवितात, व पैसा सरकारी तिजोरीतून न येता ज्याला वाढीव बांधकामाचा नफा होतो त्याच्याकडून येतो.

ह्या मार्गाने ५०,००० एकरांहून अधिक जमीन कायमची शेतीसाठी बांधली गेली. ह्याच काळात कौन्टीची लोकसंख्या १९८० मधील सुमारे ५ लाख ७९ हजारांवरून २०२० मध्ये १० लाख ६२ हजारांवर गेली. विकास थांबला नाही. तो कोठे व्हावा, एवढेच ठरले.

योजनेतील उणिवाही सांगितल्या पाहिजेत. घेणाऱ्या भागांतील रहिवाशांना आपल्या शेजारी जास्त घरे नको होती. त्यांच्या एका संघटनेने नेलेल्या दाव्यात मेरीलँडच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली कार्यपद्धतीत दोष दाखविला, आणि कौन्टीला नियम सुधारावे लागले. घरबांधणी मंदावली की हक्कांची मागणीही घसरते. शेतकऱ्याला गरज असते नेमक्या त्याच वेळी गिऱ्हाईक मिळत नाही. घेणारे क्षेत्र पुरेसे नसेल तर विकासहक्क म्हणजे नुसता कागद! तसेच राजधानीजवळची जमीन इतकी महाग राहिली की, नव्याने शेती करू पाहणाऱ्या तरुणास ती विकत घेणे कठीणच. पुढे सौर ऊर्जेच्या प्रकल्पांचा प्रश्न आला. २०२१ साली बऱ्याच वादानंतर कौन्टीने राखीव क्षेत्रात त्यांना मर्यादित व सशर्त परवानगी दिली; उत्तम प्रतीच्या मृदा मात्र वगळल्या.

‘हस्तांतरणीय विकासहक्क’, म्हणजेच टीडीआर, हा शब्द महाराष्ट्राला नवीन नाही. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने तो रूढ केला. तेथे त्याचा उपयोग मुख्यतः रस्ते, बगीचे इत्यादींसाठी आरक्षित केलेल्या शहरी जमिनीचा मोबदला म्हणून झाला. पिकाऊ जमीन राखण्यासाठी त्याचा उपयोग करावयाचा तर आपली लहान धारणक्षेत्रे, सामायिक खाती व वारसांच्या राहिलेल्या नोंदी ह्यांचा आधी विचार करावा लागेल. ज्याचा सातबारा स्वच्छ नाही, त्याला विकासहक्क विकता येणार नाही, ही गोष्ट उघड आहे.

तूर्त ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांस एक काम निश्चित करता येईल. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगर रचना अधिनियम, १९६६ अन्वये प्रादेशिक योजनेचा मसुदा प्रसिद्ध झाला म्हणजे हरकती व सूचना मागविल्या जातात. ती सूचना चावडीवर वाचून दाखवावी. प्रत्येक शेतकऱ्याने आपला गट क्रमांक शेती विभागात येतो की रहिवासी विभागात, हे नकाशावर पाहून घ्यावे. शंका असल्यास नगर रचना कार्यालयातून झोन दाखला घ्यावा, आणि हरकत असल्यास ती मुदतीच्या आत लेखी देऊन पोच घ्यावी.