नेमका कोणता वायू?

२ आणि ३ डिसेंबर १९८४च्या दरम्यानच्या रात्री भोपाळमध्ये जुन्या शहरातले लोक डोळे चोळत उठले आणि वाट फुटेल तिकडे पळाले. युनियन कार्बाइडच्या टाकीतून मिथाइल आयसोसायनेट बाहेर पडत होते. हे नाव ना पळणाऱ्यांना माहीत होते, ना हमीदिया रुग्णालयातल्या डॉक्टरांना. विषाचे नावच ठाऊक नसेल, तर इलाज कशावर करायचा?

आता हे काम करणारी हातात मावणारी यंत्रे निघाली आहेत. त्यांतले एक यंत्र पदार्थावर लेझरचा किरण टाकते आणि परतलेल्या प्रकाशावरून त्याची ओळख पटवते. बाटली उघडावीही लागत नाही. यामागचा शोध आपल्याच देशातला, सर सी. व्ही. रामन यांचा, २८ फेब्रुवारी १९२८चा. पण हे यंत्र म्हणजे जादू नव्हे. काळा पदार्थ लेझरने तापून पेट घेऊ शकतो, आणि हवेत पसरलेल्या वायूसाठी वेगळे सेन्सर किंवा रंग बदलणाऱ्या काचेच्या नळ्या लागतात.

आपल्या अहमदनगरचा, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचा, या विषयाशी जुना संबंध आहे. वाहननगरच्या व्हीआरडीई या संरक्षण संस्थेने ग्वाल्हेर आणि जोधपूरच्या प्रयोगशाळांबरोबर लष्करासाठी खास टेहळणी गाडी तयार केली. आतले जवान बाहेर न उतरता विषारी रसायन आणि किरणोत्सर्ग ओळखतात, मातीचा नमुना घेतात. ती गाडी युद्धासाठी. नागरी दुर्घटनेत एनडीआरएफचे पथक यायचे ते पुण्याकडून, शंभराहून अधिक किलोमीटरवरून. तोवरचा वेळ आपला आणि स्थानिक अग्निशमन दलाचा.

धोका काही फार दूर नसतो. दूध शीतकरण आणि बर्फाच्या कारखान्यांत अमोनिया असतो, पाणी शुद्धीकरण केंद्रात क्लोरीन. क्लोरीन हवेच्या सुमारे अडीच पट जड. तो सखल भागात साचतो. म्हणून वाऱ्याला आडवे चालत उंचावर जायचे, नाकाशी ओली ओढणी किंवा रुमाल धरायचा. तळघरात लपायचे नाही.

टँकर उलटला तर बघायला जवळ जाऊ नका. लांबूनच त्याच्या पाटीवरचा चार अंकी क्रमांक दिसला, तर ११२ वर तो सांगा. १००५ म्हणजे अमोनिया, १०१७ म्हणजे क्लोरीन, १०७५ म्हणजे एलपीजी. यंत्र येण्याआधीच अर्धी ओळख पटते. मोहल्ल्याला सावध करायला मशिदीच्या लाऊडस्पीकरइतके जलद साधन दुसरे नाही. कोणी, काय आणि कोणत्या दिशेला जायला सांगायचे, हे जमातीने आधीच ठरवून ठेवावे.

आणि ईदच्या साफसफाईत संडास धुण्याचे ॲसिड आणि ब्लीच एकत्र करू नका. त्यातून निघतो तो क्लोरीनच, आणि न्हाणीघरात तो ओळखायला कोणतेही यंत्र येणार नाही.