गोंदियाच्या ताटाची पारख भातावरून

एखाद्या शहरातील चांगली हॉटेले कोणती, असे विचारले की चव, स्वच्छता आणि बिल या तीन गोष्टींचा हिशेब मांडला जातो. गोंदियात मात्र त्याआधी आणखी एक प्रश्न विचारावा लागतो. ताटातला भात कुठल्या तांदळाचा? हा जिल्हा धानाचा. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन तो अस्तित्वात आला. वैनगंगेचे खोरे, मालगुजारी तलाव आणि राईस मिल ही त्याची ओळख. तरीही येथील बहुतेक हॉटेलांच्या मेनू कार्डावर पनीरच्या भाज्या, तंदुरी रोटी आणि मंचुरियनचीच गर्दी दिसते. घरी शिजणारे पदार्थ आणि हॉटेलात मिळणारे पदार्थ यांत एवढे अंतर का पडले, हे समजून घेतल्याशिवाय येथील हॉटेलांची पारख पुरी होत नाही.

रेल्वेने आणलेली चव

गोंदियाची खाद्यसंस्कृती दोन वाटांनी घडली आहे. पहिली वाट शेतातून आणि तलावातून येते, दुसरी रेल्वे स्थानकातून. मुंबई-हावडा मार्गावरील हे जंक्शन बंगाल-नागपूर रेल्वेच्या काळात वाढले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात येथून नैनपूरमार्गे जबलपूरकडे जाणारा सातपुड्यातील नॅरोगेज मार्ग सुरू झाला. आता तो मार्ग ब्रॉडगेज झाला आहे. तांदूळ, विडी आणि तेंदूपत्त्याच्या व्यापाराने गुजराती, मारवाडी, सिंधी, छत्तीसगढी आणि हिंदी भाषक कुटुंबे येथे आली. उत्तरेला मध्य प्रदेशातील बालाघाट आणि पूर्वेला छत्तीसगढ अगदी हाताच्या अंतरावर आहेत. बाजारात मराठीइतकीच हिंदी ऐकू येते आणि हॉटेलांतील खाण्यातही तेच मिश्रण उतरते. समोसा, कचोरी, आलूबोंडा आणि जिलेबी यांची दुकाने याच मिश्रणाची देणगी.

सकाळचा आधार : पोहे आणि तर्री

सकाळी येथील टपऱ्यांवर आणि छोट्या हॉटेलांत पोहे-तर्रीला मागणी असते. विदर्भातील पोह्यांचे वेगळेपण तर्रीत आहे. भिजवलेल्या चण्यांचा झणझणीत रस्सा करतात आणि त्यावर तरंगणारा तिखट तेलाचा लाल थर म्हणजे तर्री. पोह्यांवर तो रस्सा, वरून कच्चा कांदा आणि लिंबाची फोड. पुण्या-मुंबईकडच्या खोबरे-कोथिंबिरीच्या पोह्यांना सरावलेल्या पाहुण्याला पहिला घास ठसक्याचा वाटतो.

पोहे जमले की नाही, हे ओळखण्याच्या खुणा सोप्या आहेत. भिजलेला पोहा मऊ हवा, पण त्याचा लगदा होता कामा नये. हळद जास्त झाली तर पोहे कडवटतात. तर्रीचा रंग मिरचीचा हवा, नुसत्या खाद्यरंगाचा नको. चणा बोटाने सहज दबावा. विदर्भात तिखटाला रंग आणि धार देणारी भिवापुरी मिरची प्रसिद्ध आहे. चांगल्या मिरचीची तर्री जिभेला झोंबते, मात्र घशात जळजळ मागे ठेवत नाही. पोहे हाही धानाचाच पदार्थ, म्हणून या जिल्ह्यात न्याहारीपासूनच भाताचे राज्य सुरू होते, असे म्हणायला हरकत नाही.

भातावरून पारख

दुपारच्या थाळीत खरी परीक्षा भाताची. पूर्व विदर्भात बारीक दाण्याचे एचएमटी आणि जय श्रीराम हे तांदूळ लोकप्रिय आहेत. एचएमटीची कथा शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातील. नागभीड तालुक्यातील नांदेड या गावचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ च्या सुमारास शेतातील पटेल-३ या वाणात वेगळ्या लोंब्या हेरल्या, त्यांचे बियाणे राखले आणि निवड करीत नवा वाण घडविला. तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळावरून त्याला एचएमटी हे नाव मिळाले. दादाजींचे २०१८ मध्ये निधन झाले. त्यांचा तांदूळ आज पूर्व विदर्भाबाहेरही पोहोचला आहे.

चिन्नोर हा या पट्ट्यातील सुवासिक तांदूळ. शेजारच्या बालाघाटच्या चिन्नोरला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. या तांदळाचा दाणा छोटा, शिजल्यावर मऊ आणि वासाला गोड असतो. उंच, सुटसुटीत दाण्याच्या बिर्याणीची सवय असलेल्यांना तो चिकट वाटू शकतो, पण वरण-तूप किंवा पातळ रश्श्याबरोबर त्याचा गुण कळतो.

येथेच हॉटेलांचा विरोधाभास उघड होतो. जिरा राईस आणि बिर्याणीसाठी बहुधा बासमती मागितला जातो. बासमतीचे मानांकन हिमालयाच्या पायथ्याच्या उत्तरेकडील राज्यांपुरते मर्यादित आहे, म्हणजे तो गोंदियात पिकलेला असूच शकत नाही. आपल्या गावाजवळ पिकणारा तांदूळ सोडून शेकडो मैलांवरचा तांदूळ मागविणे प्रतिष्ठेचे ठरले आहे. ज्या भोजनालयात साध्या थाळीबरोबर बारीक स्थानिक तांदळाचा गरम भात मिळतो, तेथे खवय्याने थांबावे. तांदूळ नवा की जुना, हेही विचारावे. नव्या तांदळात ओलावा जास्त, त्यामुळे भात चिकट होतो. मुरलेला जुना तांदूळ जास्त पाणी पितो, फुलतो आणि मोकळा होतो.

सावजी आणि वडाभात

मसालेदार जेवणाची आवड असणाऱ्यांसाठी सावजी हा वैदर्भीय पर्याय आहे. नागपुरातील हलबा कोष्टी या विणकर समाजाच्या घरांतून तो निघाला आणि पुढे भोजनालयांच्या पाट्यांवर आला. कोरडे खोबरे, खसखस, जवस आणि भाजलेले खडे मसाले वाटून केलेला काळपट रस्सा ही त्याची ओळख. नुसत्या तिखटावर सावजी तोलू नये. मसाला नीट भाजला नसेल तर रश्श्याला कच्चा वास येतो, जास्त भाजला तर तो कडू होतो. चांगल्या सावजीत तिखटानंतर जवस-खोबऱ्याची चव जिभेवर रेंगाळते.

शाकाहारी मंडळींनी पाटवडी-रस्सा आणि वडाभात यांची चौकशी अवश्य करावी. वडाभातासाठी डाळी भिजवून जाडसर वाटतात, त्यांचे वडे तळतात, गरम भातावर ते कुस्करतात आणि वरून मोहरी-हिंगाची कडकडीत फोडणी घालतात. गोळाभातात बेसनाचे गोळे भाताच्या वाफेवर शिजतात. दोन्ही पदार्थ घरी सणासमारंभाला होतात. हॉटेलात ते सहज मिळत नाहीत, कारण वडा शिळा झाला की दगड होतो आणि गोळा निवला की चव हरवतो. ताजेपणा मागणारे पदार्थ गर्दीच्या स्वयंपाकघरात टिकत नाहीत, हे त्यामागचे साधे कारण.

तलाव आटला तर ताटही आटते

गोंदिया आणि भंडारा हा तलावांचा प्रदेश. गोंड राजवटीच्या काळात कोहळी समाजाने धान आणि उसाच्या शेतीसाठी बांधलेले तलाव आजही सिंचनाला उपयोगी पडतात. नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय हे त्यांतील सर्वांत ठळक उदाहरण. त्याच्या निर्मितीचे श्रेय परंपरेने कोलू पाटील कोहळी यांना दिले जाते. १९५१ मध्ये मालगुजारी पद्धत संपली. तलाव शासनाकडे गेले आणि अनेक ठिकाणी गाळ, अतिक्रमण आणि दुर्लक्ष यांनी त्यांची क्षमता घटली.

तलावांचा संबंध थेट ताटाशी आहे. मरळ, वाम, झिंगे आणि अनेक छोटे देशी मासे हा धीवर समाजाच्या उपजीविकेचा आणि गावाच्या आहाराचा आधार होता. छोटे मासे कमी तेलात, चिंच वा आमसूल घालून पातळ रश्श्यात केले जातात. भाताबरोबर त्यांची संगत उत्तम. पुढे उत्पादन वाढविण्यासाठी तलावांत रोहू, कटला आणि मृगळ यांचे बीज सोडले जाऊ लागले. मोठा मासा बाजाराला सोयीचा असतो, म्हणून हॉटेलांतही तोच येतो. दुसरीकडे बेशरमसारख्या वनस्पतींनी काठ व्यापले, पाणवनस्पती घटल्या आणि देशी माशांची अंडी घालण्याची जागाच नाहीशी होत गेली.

यावरचा उपायही याच भागात शोधला गेला. अर्जुनी मोरगाव तालुक्यात मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ यांनी धीवर समाजाच्या पारंपरिक ज्ञानाच्या आधारे तलावांच्या पुनरुज्जीवनाचे काम हाती घेतले. धीवर महिलांनी बेशरम उपटून काढली, देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या आणि देशी माशांना परत येण्याची वाट करून दिली. हॉटेलात देशी माशाचा रस्सा मागणारा ग्राहक या कामाला नकळत हातभार लावतो. मागणी असेल तर त्या माशाला भाव मिळतो आणि भाव मिळाला तर तलाव राखणे परवडते.

जे हॉटेलात मिळत नाही

जिल्ह्याच्या पूर्व आणि दक्षिण भागातील जंगलपट्ट्यात, सालेकसा, देवरी आणि अर्जुनी मोरगाव तालुक्यांत, पावसाळा रानभाज्यांचा असतो. तरोटा, काटवल, बांबूचे कोवळे कोंब म्हणजे वास्ते आणि मातीतून वर येणारे टेकोडे घरोघरी शिजतात. काटवलाची भाजी हॉटेलात क्वचित दिसते, बाकीच्या जवळजवळ कधीच नाहीत. तांदळाच्या पिठाचे पातळ आयते, पळसाच्या पानात भाजलेले पानगे आणि उन्हाळ्यातली पेज हेही घरातच राहिले.

मोहफुलांची गोष्ट आणखी गुंतागुंतीची. सुकवलेल्या मोहफुलांपासून गोड पदार्थ होतात, पण दारूशी जोडलेल्या नावामुळे आणि दीर्घकाळ असलेल्या कायदेशीर निर्बंधांमुळे हे फूल हॉटेलांच्या स्वयंपाकघरापासून दूर राहिले. राज्य सरकारने २०२१ मध्ये मोहफुलांच्या साठवणूक आणि वाहतुकीवरील निर्बंध शिथिल केल्यानंतर खाद्यपदार्थांसाठी वाट मोकळी झाली आहे.

लाखोळी डाळीला कायद्याचा फटका त्याहून मोठा बसला. धान कापण्याआधी ओलसर बांधीत तिचे बी टाकतात आणि फारसा खर्च न करता रब्बीचे पीक येते. या डाळीतील एका घटकाच्या अतिसेवनाने पायांना लुळेपणा येतो, या कारणावरून १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आणली गेली. पुढे कमी विषारी घटक असलेले रतन, प्रतीक आणि महातिवडा यांसारखे वाण विकसित झाले. लाखोळीचे वडे पूर्व विदर्भातील अनेक कुटुंबांच्या आठवणीत आहेत, मेनू कार्डावर मात्र त्यांना स्थान नाही.

अर्जुनी मोरगाव तालुक्यातच गोठणगाव-प्रतापगड परिसरात १९७२ पासून नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे. थुक्पा आणि मोमो हे तिथल्या घरांतील अन्न. मोमो आज प्रत्येक शहराच्या चौकात मिळतो, पण धानाच्या बांधांशेजारी पन्नास वर्षांहून अधिक काळ तो शिजत आला आहे, हे जिल्ह्यातीलच अनेकांना ठाऊक नसते.

मंडईतले ताट

दिवाळीनंतर झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते. पाहुणे येतात, दुकाने लागतात, रात्री दंडार आणि नाटके रंगतात. घराघरांत पाहुण्यांसाठी मटणाचा रस्सा, भात आणि वडे होतात. येथील खाणे बघायचे असेल तर मंडईच्या दिवसांत जिल्ह्यात यावे, असा सल्ला जाणकार देतात तो यामुळेच. झाडीपट्टीची रंगभूमी व्यावसायिक झाली आणि टिकली. तिच्या ताटाला मात्र अजून तसा रंगमंच मिळालेला नाही.

पारख करताना

गोंदियात जेवायला बसणाऱ्याने काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. मेनू कार्ड उघडण्याआधी 'आज ताजे काय आहे,' हे विचारावे. साध्या थाळीला कमी लेखू नये. तांदूळ कुठला, मासा तलावातला की बर्फातला, मिरची कोणती, एवढे प्रश्न विचारल्याने वेटर थोडा गोंधळेल, पण पुढच्या वेळी मालक उत्तर तयार ठेवेल. पावसाळ्यात काटवल, हिवाळ्यात नव्या तांदळाचा भात आणि पोपटीच्या शेंगांची भाजी मागावी.

हॉटेलमालक तेच शिजवितो, जे गिऱ्हाईक मागते. तो स्थानिक पदार्थ ठेवीत नाही, कारण कोणी मागत नाही. गिऱ्हाईक मागत नाही, कारण ते पदार्थ हॉटेलात मिळतील असे त्याला वाटतच नाही. हे चक्र कुठेतरी तुटायला हवे. चिन्नोर पेरणारा शेतकरी, तलाव राखणारी धीवर बाई आणि वडाभात करणारी आजी यांच्या श्रमाला बाजारात मोल मिळाले, तरच पुढच्या पिढीला ते ज्ञान उपयोगाचे वाटेल. नाहीतर धानाच्या या जिल्ह्यात परगावचा पाहुणा येईल, बासमतीचा जिरा राईस खाईल आणि गोंदियात खायला वेगळे काही नाही, असे म्हणत पुढची गाडी पकडेल.