खोली भाड्याची, गाव परकं, आणि वायर कुणाच्या नावावर?



नवापूरचं रेल्वे स्टेशन तुमच्यापैकी पुष्कळ जणींनी पाहिलं असेल. अर्धं स्टेशन महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. तिथल्या एका बाकड्यावर मधोमध रेघ ओढलेली आहे, आणि लोक हौसेनं त्यावर बसून फोटो काढतात. दिवाळी झाली की आपली माणसं बोचकी घेऊन ज्या गाडीत चढतात, ती गाडी मात्र ही रेघ ओलांडून पुढे निघून जाते. पुढे पाट्या गुजराती, ऑफिस गुजराती, आणि आधार कार्डावरचा पत्ता धडगावचा, नाहीतर अक्कलकुव्याचा. आपल्यासाठी परदेश तिथूनच सुरू होतो.

आज बोलायचं आहे ते परक्या गावी राहताना घरात इंटरनेटची वायर कशी घ्यायची यावर. हा विषय आमच्या डोक्यात घातला गटातल्याच एका ताईनं. तिचा मुलगा आणि सून सुरतेला उधन्यात खोली घेऊन राहतात. मुलगा कारखान्यात, सून घरी बसून साड्यांवर स्टोन लावते. कामाचे फोटो मोबाइलवरच येतात, तयार मालाचे फोटोही मोबाइलवरूनच पाठवायचे. गल्लीतल्या एका माणसानं १५०० रुपये रोख घेतले, भिंतीला डबा लावून दिला आणि दर महिन्याला पैसे घेऊन जाऊ लागला. चार महिने सगळं सुरळीत होतं. मग एक दिवस नेट बंद. कंपनीच्या नंबरवर फोन केला तर तिकडून विचारलं, ग्राहक क्रमांक सांगा. तो कुठे होता यांच्याकडे? कनेक्शन होतं भलत्याच माणसाच्या नावावर. यांनी महिन्याच्या महिन्याला दिलेले पैसे पुढे भरलेच गेले नव्हते. ऐन सीझनमध्ये सुनेचं पंधरा दिवसांचं काम गेलं. आणि तक्रार करायला गेलं तर कागदावर ती ग्राहकच नव्हती.

म्हणून आम्ही वेगापेक्षा आणि किमतीपेक्षा आधी नावाबद्दल बोलतो. मोबाइलचं सिम आपल्याबरोबर फिरतं, आज मोलगीत तर उद्या बारडोलीत. वायरचं तसं नाही. वायर घराला बांधलेली असते, म्हणून कंपनी दोन गोष्टी विचारते: तुम्ही कोण, आणि या घरात तुम्ही कोणत्या हक्कानं राहता? पहिल्याचं उत्तर आधार कार्ड देतं. आधारची तर सुरुवातच आपल्या जिल्ह्यात झाली, २९ सप्टेंबर २०१० ला टेंभली गावात. पण त्यावरचा पत्ता गावाकडचा असतो. दुसऱ्या प्रश्नाला लागतो भाडेकरार, किंवा घरमालकाचं संमतीपत्र आणि त्याच्या घराचं लाइटबिल. कंपनीगणिक कागद थोडे कमीजास्त होतात, म्हणून आधी फोन करून विचारा.

घरमालक पुष्कळदा म्हणतो, "करार कशाला, आपण घरचेच." त्याला सांगायचं, करार नको असेल तर नको, पण खोली आम्हाला भाड्यानं दिली आहे आणि वायर ओढायला हरकत नाही, एवढ्या दोन ओळी लिहून सही करा. वायर त्याच्याच भिंतीतून जाणार असते, भोक पाडावं लागतं. संमती लेखी असली की खोली सोडताना भोकावरून भांडण होत नाही.

काही जण सुचवतात, आधारवरचा पत्ताच बदलून टाका. सहा महिन्यांच्या खोलीसाठी आम्ही हा सल्ला देणार नाही. आपल्या कितीतरी योजना महाराष्ट्रात राहण्याच्या अटीवर आहेत. लाडकी बहीण योजना हे जवळचंच उदाहरण. नेटच्या वायरसाठी तिथं प्रश्न ओढवून घेऊ नये. कायमचंच तिकडे राहायचं ठरलं असेल तर गोष्ट वेगळी.

आता वायर घ्यावी का, हा प्रश्न. ऊसतोडीला जाणाऱ्या बायांनी पडावावर हा विचारच करू नये. जिथं लाइटच नाही आणि मुक्काम हलता आहे, तिथं मोबाइलचं रिचार्जच बरं. खोली घेऊन राहणाऱ्यांनी हिशोब मांडावा. समजा घरात तीन फोन आहेत आणि प्रत्येकाला २८ दिवसांचं ३०० रुपयांचं रिचार्ज. २८ दिवस म्हणजे महिना नव्हे, वर्षाला १३ रिचार्ज होतात. ३०० गुणिले ३ गुणिले १३, झाले ११,७०० रुपये. वायरचा प्लॅन समजा ५०० चा. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५९०. वर्षाचे ७,०८०. जाहिरातीत ५०० च लिहिलेलं असतं, कर बिलात दिसतो. वायर घेतली तरी फोनचं रिचार्ज पूर्ण सुटत नाही, बाहेर पडल्यावर बोलायला काहीतरी हवंच. नुसतं बोलणं आणि एसएमएस असलेले पॅक आता मिळतात, ते पाहा. आमच्या मते घरात एकच फोन असेल किंवा चार-पाच महिन्यांत परत यायचं असेल, तर वायरच्या भानगडीत पडू नये.

ठरवलंच, तर पैसे देण्याआधी विचारायचं: जोडणीचे किती, अनामत किती, राउटर विकत की वापरायला? राउटर म्हणजे वाय-फाय देणारा तो डबा. वापरायला दिला असेल तर जाताना परत करायचा असतो, नाहीतर त्याचे पैसे मागतात. सहा महिन्यांचे पैसे एकदम भरले तर जोडणी फुकट, असंही सांगतात. होळीला घरी परतणार असाल तर ते फुकट महागात पडेल. वेग किती, तेही विचारा. सरकारच्या २०२३ च्या व्याख्येप्रमाणे किमान २ एमबीपीएस असेल तरच त्याला ब्रॉडबँड म्हणायचं. घरगुती प्लॅनमध्ये त्याहून कितीतरी जास्त मिळतो. पण ठरावीक डेटा संपला की वेग खाली येतो, तो किती खाली येतो हे कुणी आपणहून सांगत नाही.

पावती घ्यायची, आणि ग्राहक क्रमांक वहीत लिहायचा. कनेक्शन जिच्या नावावर, तिच्या मोबाइलवर मेसेज आला पाहिजे. नवरा किंवा सासऱ्यांच्या नावावर घेतलं तरी हा क्रमांक घरातल्या बाईला ठाऊक हवा, कारण डबा बंद पडतो तेव्हा घरात तीच असते.

डब्याबद्दल थोडं. आजकालची वायर तांब्याची नसते, आत केसासारखा काचेचा धागा असतो आणि त्यातून उजेड धावतो. म्हणून ती चुरगळायची नाही, खिळ्याला गुंडाळायची नाही, दाराच्या फटीत दाबायची नाही. डब्यावर एलओएस असं इंग्रजीत लिहिलेल्या ठिकाणी लाल दिवा लागला, तर बाहेरून उजेड येत नाही, वायर कुठेतरी तुटली किंवा निसटली आहे. "लाल दिवा लागलाय" एवढं सांगितलं तरी तक्रार घेणाऱ्याला अर्धं कळतं. लाइट गेली की नेटही जाणार, हे धरूनच चालायचं.

तक्रार केली की तक्रारीचा नंबर मागून घ्या. काम झालं नाही तर त्याच कंपनीत अपील करता येतं, त्याला पैसे पडत नाहीत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. तिथं मराठीतही बोलता येतं.

आता समुद्रापलीकडच्यांविषयी. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल कामगार पाठवण्याचा करार केला, तेव्हापासून नर्सिंग शिकणाऱ्या मुली आमच्याकडे चौकशी करतात. तिथंही पहिला प्रश्न पत्त्याचाच. घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पालिकेत नाव नोंदवावं लागतं, आणि नेटचे करार दोन-दोन वर्षांचे असतात. सही करण्याआधी मुदत वाचावी. दुबईत भाडेकरार सरकारदरबारी नोंदवलेला लागतो. आणि दुबईहून मुलाचा व्हॉट्सअ‍ॅपवर कॉल लागत नसेल तर घाबरू नका, त्याचं नेट बंद नाही. तिथल्या नियमानं त्या कॉलवर बरीच वर्षं बंदी आहे. तिथली माणसं परवानगी असलेलं बोटिम नावाचं अ‍ॅप वापरतात, ते आपल्या फोनमध्येही घालून घ्यायचं.

मात्र तिकडे कितीही चांगली वायर असली, तरी इकडे आई टेकडीवर चढून रेंज शोधत असेल तर बोलणं तुटकच होणार. ग्रामपंचायतीपर्यंत काचेची वायर नेण्याचं सरकारी काम २०११ मध्ये मंजूर झालं, आज त्याला भारतनेट म्हणतात. आपल्या पंचायतीत ती वायर आली आहे का, डबा चालू आहे की कपाटावर धूळ खातोय, आणि तिथून घरी कनेक्शन मिळतं का, हे ग्रामसभेत विचारायला हरकत नाही. आम्ही विचारलं तेव्हा आधी सगळे हसले. मग ग्रामसेवकांनी कपाटाची किल्ली मागवली.

खोली सोडतानाचं एक राहिलं. नुसता डबा बंद करून निघून यायचं नाही. कनेक्शन बंद करा असं लेखी किंवा मेसेजनं कळवायचं, राउटर देऊन पोच घ्यायची, अनामत कोणत्या बँक खात्यात येणार ते सांगायचं. उधन्याच्या सुनेनं आता नवी वायर स्वतःच्या नावावर घेतली आहे. ग्राहक क्रमांक तिनं पिठाच्या डब्यावर खडूनं लिहिला होता, तो पुसला गेला. आता सासूबाईंनी इकडे गटाच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवलाय. तुमच्या घरचं कुणी बाहेरगावी असेल आणि तिथं वायर घेतली असेल, तर पुढच्या बैठकीला बिलाचा फोटो घेऊन या. नाव कुणाचं आहे, ते आपण बसून वाचू.