सापाची तहान आणि अडकलेली कात

काचेच्या पेटीतल्या बॉल पायथनचे डोळे दुधाळ, निळसर दिसू लागले की कात टाकण्याची वेळ जवळ आली असे समजावे. जुन्या आणि नव्या त्वचेच्या मधे द्रव साचतो, म्हणून अंगाचे रंग फिकट होतात आणि डोळ्यांवर धुके आल्यासारखे वाटते. काही दिवसांनी डोळे पुन्हा स्वच्छ होतात. मग साप एखाद्या खरखरीत लाकडावर नाक घासतो आणि कात सुटू लागते. सगळे ठीक असेल तर पायमोजा उलटा करत काढावा तशी ती नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत एकसंध निघते. ठीक नसेल तर तिचे तुकडे पडतात. अर्धी कात अंगावर चिकटून राहते, शेपटीवर तिची कडी बसतात आणि एखाद्या डोळ्यावरची जुनी टोपीही तशीच राहते.

अशा वेळी नवखा पाळणारा सापाला आजार झाला म्हणून घाबरतो. क्वचित तसे असतेही. पण बहुतेक वेळा दोष सापात नसून पेटीतल्या हवेत असतो. हवा कोरडी असते आणि सापाच्या अंगातले पाणी कमी झालेले असते.

आपल्याकडचे साप पकडून घरी ठेवणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. बॉल पायथन हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला छोटा अजगर. आंतरराष्ट्रीय व्यापार करारातल्या अशा परदेशी जाती बाळगायच्या तर २०२२ च्या कायदादुरुस्तीनंतर नोंदणी करावी लागते. कागद पूर्ण झाले तरी आफ्रिकेतले हवामान पेटीत आणण्याचे काम उरतेच.

सापाचे अंग कोरडे लागते, म्हणून त्याला कोरडेपणा मानवतो, हा समज जुना आहे. खवल्यांचे चिलखत पाणी अडवून धरते, असेही वाटते. पण अमेरिकेत एक जन्मजात खवले नसलेला गोफर साप संशोधकांच्या हाती आला तेव्हा त्याच्या त्वचेतून पाण्याची वाफ खवलेवाल्या सापाइतकीच जाते असे आढळले. पाणी अडवते ते त्वचेतल्या स्निग्ध पदार्थांचे पातळ थर. हा बांध चांगला असला तरी पूर्ण नसतो. त्वचेतून आणि श्वासातून पाणी सतत जात असते आणि भोवतालची हवा जितकी कोरडी तितके ते जास्त जाते.

बॉल पायथनच्या मुलखात पावसाळ्यानंतर सहारा वाळवंटावरून हरमॅटन नावाचा कोरडा वारा वाहतो. तरीही तिथे हा साप टिकतो, कारण तो दिवसभर उंदरांनी खणलेल्या बिळांत आणि वाळव्यांच्या वारुळांत पडून असतो. आयत्या बिळावर नागोबा ही आपली म्हण त्यालाही लागू पडते. जमिनीखालची हवा वरच्या हवेपेक्षा दमट असते. म्हणून त्या मुलखाच्या हवेचे आकडे बघून पेटी सजवणे चुकीचे. नक्कल करायची ती बिळाची. साधारण ५५ ते ६५ टक्के सापेक्ष आर्द्रता आणि कातीच्या दिवसांत ७० च्या आसपास, एवढी या सापाला पुरते. अमेरिकेतल्या कॉर्न स्नेकचे त्याहून कमीत भागते.

या 'सापेक्ष' शब्दातच खरी गोम आहे. हवा तापली की तिची वाफ धरण्याची क्षमता वाढते, त्यामुळे वाफ तेवढीच असली तरी टक्केवारी घसरते. पेटीच्या थंड टोकाला २५ अंश आणि ६० टक्के असेल तर तीच हवा ३१ अंशांच्या उबदार टोकाला सुमारे ४२ टक्क्यांवर येते. झाकणाला चिकटवलेला एकच मापक म्हणूनच फसवतो. सापाच्या उंचीवर, दोन्ही टोकांना मोजायला हवे. युरोप-अमेरिकेतल्या हिवाळ्यात तर शून्य अंशाची, ८० टक्के आर्द्रतेची हवा घरात घेऊन २५ अंशांपर्यंत तापवली की ती जेमतेम १५ टक्के उरते. आपल्याकडे हेच काम एसी करतो आणि विदर्भातला मे महिना तर कोणाच्या मदतीशिवाय करतो. मुंबईच्या पावसाळ्यात मात्र उलटी पंचाईत असते.

उपाय खर्चिक नाहीत. जाळीच्या झाकणाचा बराचसा भाग झाकला, तळाला नारळाच्या काथ्याचा भुसा जाड पसरून त्याचा खालचा थर ओलसर ठेवला, पाण्याचे भांडे पसरट घेतले की बराच फरक पडतो. याशिवाय ओलसर शेवाळ भरलेला, एकच भोक असलेला झाकणाचा डबा ठेवावा. कातीच्या दिवसांत साप आपण होऊन त्यात जाऊन बसतो. नुसते फवारे मारून भागत नाही. तासाभरात हवा पुन्हा कोरडी होते आणि तळ मात्र चिकचिकीत राहतो. सतत ओल्या तळावर पोटाच्या खवल्यांखाली फोड येतात, खवले कुजतात. कोंदट हवेत श्वसनाचा संसर्ग होतो. तोंड उघडे टाकून घेतलेला श्वास, नाकाशी बुडबुडे ही त्याची लक्षणे. हवा दमट, पण अंगाखालची जागा कोरडी आणि थोडा वारा खेळता, हे जमवायचे असते.

दमट हवा पाणी वाचवते, पाण्याची जागा घेत नाही. साप तोंड बुडवून पितो. डेव्हिड कंडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवले की काही सापांच्या खालच्या जबड्यातल्या घड्या स्पंजासारखे पाणी शोषतात आणि स्नायू ते पिळून घशाकडे सरकवतात. 'उंदरातून पाणी मिळतेच की' हा युक्तिवाद टिकत नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तहानलेल्या रॅटलस्नेकना भक्ष्य दिले तरी त्यांच्या शरीरातली पाण्याची स्थिती सुधारली नाही. प्रथिने पचवल्यावर उरणारे टाकाऊ द्रव्य साप पांढऱ्या, खडूसारख्या युरिक आम्लाच्या रूपात बाहेर टाकतो. पाणी कमी पडत राहिले तर ते मूत्रपिंडांत आणि सांध्यांत साचते. सापालाही गाउट होतो, तो असा. जन्मभर समुद्रात राहणारा पिवळ्या पोटाचा समुद्रसापसुद्धा खारे पाणी पीत नाही. पाऊस पडून लाटांवर गोड्या पाण्याचा थर येईपर्यंत तो तहानलेला राहतो.

नागपंचमीच्या दुधामागची गोष्टही तहानेचीच आहे. आधी अनेक दिवस पाण्यावाचून ठेवलेला नाग समोर येईल ते पितो, मग ते दूध का असेना. दूध पचवण्याची सोय त्याच्या शरीरात नाही. वाटीत दूध संपलेले दिसते तेव्हा भक्ताला प्रसाद पावल्यासारखे वाटते, पण त्या नागाला पाणीच हवे होते.

पाळलेल्या सापाची तहान ओळखायला त्वचेवरच्या बारीक चुण्या, खोल गेलेले डोळे आणि तोंडातली चिकट, तार धरणारी लाळ पुरेशी आहे. कात अडकलीच तर सापाला अर्धा तास कोमट, उथळ पाण्यात, डोके सहज वर राहील असे ठेवावे आणि मग ओल्या टॉवेलच्या घडीतून सरकू द्यावे. बरीचशी कात तिथेच निघते. शेपटीवरची कडी राहू देऊ नयेत. ती आवळत जाऊन रक्तपुरवठा बंद पडतो आणि टोक झडते. डोळ्यावरच्या टोपीला मात्र चिमटा लावायचा नाही. सापाला पापणी नसते. त्या जागी एकच पारदर्शक खवला असतो आणि जुन्याबरोबर नवाही ओढला गेला तर डोळा जातो. ते काम सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याचे.

प्रत्येक वेळी टाकलेली कात फेकण्याआधी उजेडासमोर धरावी. डोक्याच्या भागात दोन गोल, भिंगासारख्या टोप्या दिसायला हव्यात. एकच दिसली तर दुसरी अजून सापाच्या डोळ्यावर आहे.