सकाराची शीळ

गेल्या काही वर्षांत आपल्या घरोघरी एक नवा परिपाठ पडू लागला आहे. घरातील वडीलधाऱ्या माणसांचा आवाज जपून ठेवावा म्हणून मुले-नातवंडे त्यांच्यापुढे मोबाईल धरतात आणि आजीची गाणी, आजोबांच्या आठवणी, कुळाचाराच्या कहाण्या मुद्रित करून घेतात. परिपाठ स्तुत्यच आहे. पण हे मुद्रण पुढे निवांतपणे ऐकू लागले की पुष्कळदा एक दोष कानाला बोचतो. बोलण्यात ‘स’ आला, ‘श’ आला, ‘च’ आला की पाटीवर खिळा ओढल्यासारखा चरचरीत आवाज उठतो. संगणकावर हा दोष घालवण्याची साधने आहेत. ती कशी वापरावीत हे मी शिकलो ते आधी ती चुकीची वापरून.

२०२३ साली श्रावण अधिक होता. त्या वर्षीच्या निज श्रावणात आमच्या इंदूरच्या घरी आत्या राहावयास आली होती. वय वर्षे ८६. चातुर्मासातील बहुतेक कहाण्या तिला तोंडपाठ. रोज दुपारी एक, अशा अकरा कहाण्या आम्ही मुद्रित केल्या. नेमकी त्याच महिन्यात तिला नवी कवळी बसवली होती आणि ती अद्याप हिरड्यांवर नीट रुळली नव्हती. त्यामुळे सकारागणिक बारीक शिट्टी वाजे. कहाणीच्या शेवटी येणाऱ्या ठरीव वाक्यात तर सकारांची रांगच असते. तिथे नुसता शिट्ट्यांचा सपाटा!

गंमत अशी की मला ती शिट्टी फारशी जाणवलीच नाही. धाकट्या मुलीने कान झाकून घेतले तेव्हा कुठे माझ्या लक्षात आले. वय वाढते तसे माणसाच्या कानाला अत्युच्च ध्वनी कमी ऐकू येऊ लागतात, हे मला पुस्तकात वाचून ठाऊक होते; त्या दिवशी स्वतःपुरते पटले.

हा दोष का उद्भवतो हे समजण्यासाठी थोडे वर्णविचाराकडे वळले पाहिजे. आपल्या शिक्षाग्रंथांनी श, ष, स आणि ह यांना ऊष्म वर्ण म्हटले आहे. यांपैकी श, ष, स उच्चारताना कंठातील तंतू कंप पावत नाहीत. जीभ आणि टाळू किंवा दात यांच्यामधील अरुंद फटीतून श्वास घासत बाहेर पडतो. स्वरांचे बहुतेक बळ साधारण ३,५०० हर्ट्झच्या खाली असते, तर दंत्य सकाराचे बळ ५,००० ते ९,००० हर्ट्झच्या पट्ट्यात एकवटते. तालव्य शकार त्याच्या खाली, ३,००० च्या आसपास सुरू होतो. जुना दूरध्वनी ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पट्टा वाहून नेत असे. म्हणून तर पलीकडच्याने ‘फडके’ सांगावे आणि आपण ‘सडके’ ऐकावे, असे प्रसंग घडत. गौहर जान यांनी १९०२ साली कलकत्त्यात भोंग्यासमोर गाऊन तबकड्या भरल्या, त्या काळच्या यंत्रात सकार जवळजवळ उमटतच नसे. ऐकणारा तो मनाने भरून घेई. १९२५ नंतर विद्युत-मुद्रण आले आणि सकार तबकडीवर उतरू लागला. आज आपले दुखणे नेमके उलटे आहे.

याला कारणे अनेक. बोलणाऱ्याच्या ओठांसमोर अगदी जवळ धरलेला मोबाईल, फरशी आणि उघड्या भिंतींची खोली, आणि बारीक आवाज आपोआप मोठा करणारी यंत्राची सोय. म्हणून खरा उपाय मुद्रणाआधीच करावा. मोबाईल तोंडापासून हातभर दूर, किंचित बाजूला आणि हनुवटीच्या खालच्या पातळीवर ठेवावा, म्हणजे श्वासाचा झोत सरळ त्याच्यावर येत नाही. खोलीत सतरंजी, पडदे, दोन-चार गोधड्या असाव्यात. एवढ्याने निम्मे काम होते. मी यांतले काहीच केले नव्हते.

मुद्रण हाती आल्यावर मी पहिली चूक केली ती अशी. ५,००० हर्ट्झच्या वरचा सगळा भाग सरसकट खाली ओढला. शीळ दबली, पण आत्या गोधडीत तोंड खुपसून बोलते आहे असे वाटू लागले. सकार साधारण सेकंदाचा दहावा भाग टिकतो; त्याच्यासाठी संपूर्ण कहाणीची चमक घालवणे हा शुद्ध अविचार होता.

मग ‘डी-एसर’ नावाचे साधन सापडले. इंग्रजी ‘एस’ या अक्षरावरूनच हे नाव पडले आहे. हे साधन आपण नेमून दिलेल्या उच्च पट्ट्यावर पाळत ठेवते. त्या पट्ट्यातील आवाज ठरावीक मर्यादेच्या वर गेला की तेवढ्या क्षणापुरता तो दाबते आणि लगेच सोडून देते. कल्पना सुरेख. पण मी हावरटपणाने मर्यादा फार खाली ठेवली आणि दाब बारा डेसिबलपर्यंत नेला. परिणाम असा की ‘साखर’ची ‘थाखर’ झाली आणि ‘चांगला’चा ‘तांगला’. आत्याने दोन मिनिटे ऐकले आणि म्हणाली, “अरे, हा माझा आवाज कुठला? कवळी काढून ठेवल्यावर बोलते तशी बोलतेय मी!”

इथे मराठीचा एक विशेष आडवा येतो. आपला ‘च’ दोन प्रकारचा. ‘चार’ ही संख्या तालव्य. ‘गाईला चारा चार’ यातील दोन्ही चकार दंततालव्य. ‘जरा’ म्हणजे थोडे, आणि ‘जरा’ म्हणजे म्हातारपण, यांतही भेद जकाराच्या उच्चाराचाच. दंततालव्य चकाराच्या पोटात सकार दडलेला असतो. तो कापला की उरतो निव्वळ तकार. माळव्यातील आपली मुले हिंदीच्या सहवासाने ‘चाक’, ‘चूक’ हे शब्द आताच तालव्य उच्चारू लागली आहेत. आत्याच्या तोंडी हे उच्चार अजून जुने होते, आणि मी तेच पुसायला निघालो होतो!

पुढच्या माघात आत्या गेली. पुन्हा मुद्रण करण्याचा प्रश्नच उरला नाही. मुलीने मूळ मुद्रणाची प्रत आधीच वेगळी ठेवली होती म्हणून बचावलो. नाहीतर तो ‘तांगला’च आमच्या घरात कायमचा राहिला असता.

दुसऱ्या वेळी घाई केली नाही. ‘ऑडॅसिटी’ ही संगणक-प्रणाली विनामूल्य मिळते. ती २००० साली सर्वांसाठी खुली झाली. तीत आवाजाचे वर्णपटचित्र पाहता येते. स्वर तळाशी आडव्या पट्ट्यांसारखे दिसतात आणि सकार वर धुक्याच्या ढगासारखा. कवळीची शिट्टी मात्र त्या ढगात एका बारीक, लख्ख रेघेसारखी उठून दिसली, ६,८०० हर्ट्झच्या जवळपास. म्हणजे दोष सकाराचा नव्हताच. सकाराच्या अंगावर बसलेल्या त्या रेघेचा होता. जिथे शिट्टी होती तेवढाच तुकडा निवडून ‘नॉच फिल्टर’ने ती रेघ काढली. त्यानंतरही जे सकार टोचत होते ते एकेक निवडून चार डेसिबलने खाली आणले. काम किचकट, एका कहाणीला दोन संध्याकाळी लागल्या. ज्यांना डी-एसरच वापरायचा आहे त्यांनी तीन ते पाच डेसिबलच्या पलीकडे सहसा जाऊ नये, आणि काय कापले जात आहे तेवढेच ऐकवणारी सोय त्यात असेल तर ती जरूर वापरावी. कापलेल्या भागात नुसती फुसफुस असावी. शब्द ओळखू येऊ लागले तर हात आखडता घ्यावा. आवाज सर्वत्र सारखा करणारा ‘कॉम्प्रेसर’ वापरला असेल तर त्याच्यानंतर सकार पुन्हा एकदा तपासावेत, कारण त्याने स्वर दबतात आणि सकार डोके वर काढतात. तयार प्रत मी दोघांच्या कानांनी पारखली: मुलीला टोचत नाही ना, आणि मला शब्द स्पष्ट कळतात ना. म्हाताऱ्या कानाला शब्द ओळखायला सकारच हवा असतो, हे तरुण तंत्रज्ञांच्या सहसा ध्यानात येत नाही.

अकरापैकी नऊ कहाण्या आता तयार आहेत. मूळ मुद्रण हात न लावता वेगळ्या डिस्कवर ठेवले आहे. शुक्रवारच्या कहाणीत मात्र एक शिट्टी मी जाणूनबुजून राहू दिली. ती वाजताच आत्या मध्येच थांबते, हसते आणि म्हणते, “वाजली बघ माझी आगगाडी,” आणि कहाणी पुढे सुरू होते.