ताप न येता येऊन गेलेला ताप!

आजारी न पडता आजार होऊन जाऊ शकतो का? हो, खुशाल! क्यू फीवर हा असाच छुपा रुस्तम. तो शेळ्या, मेंढ्या, गाईंकडून माणसाला होतो. लागण झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांना काहीच जाणवत नाही. बाकीच्यांना ताप, अंगदुखी, कधी न्यूमोनिया. १९३५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनला कत्तलखान्यातले कामगार तापाने फणफणले, तेव्हा डॉ. एडवर्ड डेरिक यांनी त्याचा छडा लावायला सुरुवात केली.

याचा जंतू म्हणजे कॉक्सिएला बर्नेटी. लागण झालेली शेळी व्यायली किंवा गाभडली, की पिल्लामागून येणाऱ्या वारेबरोबर तो ढिगाने बाहेर पडतो. मग वाळून धुळीत मिसळतो आणि महिनोन्‌महिने तग धरतो. श्वासाबरोबर मोजके जंतू आत गेले तरी पुरे!

आता आपला अहिल्यानगर जिल्हा पाहा. इथं संगमनेरी शेळ्या आहेत, मेंढरं घेऊन रानोमाळ फिरणारे धनगर आहेत, दारोदारी दुभत्या गाई आहेत. इथल्या किती माणसांना हा ताप होऊन गेला असेल? विचारलंत तर म्हणतील, "छे, मला कुठं काय झालं!"

मग रक्तालाच विचारायचं. जंतू शिरला की शरीर खास त्याच्यासाठी प्रतिपिंडं तयार करतं. जंतू गेला तरी ती पुढं कित्येक महिने, कधी कित्येक वर्षं रक्तात सापडतात. एलायझा चाचणीत ती पकडता येतात.

पण जिल्ह्यात माणसं ४५ लाखांहून जास्त! सगळ्यांना सुई कोण टोचणार? इथं शितावरून भाताची परीक्षा करायची. मात्र नुसता मेंढपाळांचाच वाडा तपासला तर आकडा फुगेल आणि नुसतं शहर तपासलं तर घटेल. म्हणून गावं आणि घरं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडतात.

कोरोनाच्या वेळी हे आपल्याकडं झालंय. २०२० मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं अशा तपासणीसाठी देशातले ७० जिल्हे निवडले, त्यांत अहमदनगर, म्हणजे आताचा अहिल्यानगर, होता. पहिल्या फेरीत देशभरात शंभरातल्या एकाहूनही कमी मोठ्या माणसांत प्रतिपिंडं सापडली. २०२१ च्या जून-जुलैतल्या चौथ्या फेरीत सहा वर्षांपुढची मुलंही होती. मुलांना तेव्हा लस मिळालेलीच नव्हती, तरी निम्म्याहून जास्त मुलांच्या रक्तात प्रतिपिंडं निघाली. कितीतरी जणांना कोरोना गुपचूप होऊन गेला होता!

क्यू फीवरचंही तसंच. नेदरलँड्समध्ये २००७ ते २०१० या काळात शेळ्यांमुळं त्याची मोठी साथ आली. नोंद झालेले रुग्ण होते चार हजारांवर. पण साथीच्या भागातल्या रक्तदात्यांचं रक्त तपासलं, तर शंभरातल्या सुमारे बाराजणांना लागण होऊन गेलेली! म्हणजे दवाखान्यात आलेले रुग्ण मोजून आजार किती पसरला ते कळत नाही.

तुमच्या गोठ्यात करडू जन्मलं, तर लाड जरूर करा. पण वारेला हात लावू नका. ते काम हातमोजे घातलेल्या मोठ्यांचं. आणि दूध उकळूनच प्या!